पाण्याला ओढ आहे, भ्या वाटतंय: प्रवाहातल्या स्कूबा डायव्हिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंबोलीचा घाट उतरला की मालवण काही लांब राहत नाही. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बरेच जण एकदा तरी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं काढून, माशांबरोबर व्हिडिओ करून येतात. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. काहींना मात्र चटक लागते. ते कोर्स करतात, मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला जातात, अंदमानचं तिकीट काढतात. मग एके सकाळी बोटीवर कुणीतरी सहज बोलून जातं, "आज पाण्याला ओढ आहे हां," आणि पोटात गोळा येतो.

मी खानापूर तालुक्यातला. पोहणं विहिरीत शिकलो, नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत. मी इन्स्ट्रक्टर नाही आणि डॉक्टरही नाही. ओढीच्या पाण्याला घाबरणारा आणि तरीही त्यात उतरत राहिलेला एक साधा डायव्हर आहे. गोवावेसच्या तलावावर आणि फोनवर लोक तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली.

मी विहिरीत सूर मारणारा माणूस. पोहण्यात कुणाला ऐकत नाही. तरी समुद्रातल्या ओढीचं भ्या का वाटतंय?

कारण विहिरीचं पाणी चालत नाही. पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून काकांनी ढकलून दिलं, नाकातोंडात पाणी गेलं, चार हात मारले की कड हाताला लागली. विहिरीत शिकलेल्याच्या अंगात ही कड मुरलेली असते. समुद्रात ती नसते, आणि त्यात पाणी चालू लागलं की अंग आधी घाबरतं, डोकं मागून.

दुसरं कारण नदी. पावसाळ्यात मलप्रभेकडे फिरकायचं नाही, हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, वेदगंगा, दूधगंगा यांनी काय केलं, ते अथणी-चिकोडी-गोकाककडच्या माणसाला सांगायला नको. वाहतं पाणी घेऊन जातं, हे आपण वाचलेलं नाही, पाहिलेलं आहे.

म्हणून ही भीती खुळी नाही. ती नदीकडून शिकलेली अक्कल आहे. अडचण एवढीच, की समुद्राखाली तिच्यातला अर्धा भाग लागू पडतो आणि अर्धा उलटा पडतो. नदीत तुमचा जीव तोंड पाण्याबाहेर ठेवण्यावर असतो, आणि वाटेत दगड, झाडं, बंधारा उभे असतात. डायव्हरची हवा त्याच्या पाठीवर असते. प्रवाहानं पन्नास मीटर नेलं म्हणून तो बुडत नाही, पन्नास मीटर पुढे जातो, इतकंच. तिथला धोका वेगळा आहे: दमणं, जोडीदारापासून तुटणं, नकळत खोल जाणं, आणि वर आल्यावर बोट न दिसणं. नदीची जी अक्कल तिथंही जशीच्या तशी चालते ती अशी, की उतरण्याआधी पाणी बघावं, बाहेर कुठे पडणार ते आधी ठरवावं आणि धारेशी कुस्ती खेळू नये.

ओढ ओढ म्हणता, ती आकड्यात किती असते?

समुद्रावर वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला 1.852 किलोमीटर, सेकंदाला साधारण अर्धा मीटर. काँग्रेस रोडवर रमतगमत चालणारा माणूस याच्या दुपटीहून जास्त वेगानं जातो. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण टाकी, हवा भरायचं जॅकेट, वजनाचा पट्टा असं सगळं अंगावर असलेल्या धडधाकट डायव्हरलाही एक नॉटच्या प्रवाहाविरुद्ध फार वेळ टिकता येत नाही. दोन नॉटला तर पायातले फिन कितीही मारा, तुम्ही मागेच जाणार.

आपल्याकडच्या हायड्रॉलिकवाल्यांना कारण लगेच कळेल. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो, आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. इथं जिद्द, व्यायाम, रोजचे शंभर दंड काही कामाला येत नाहीत. मला स्वतःला हे गणित कळलं त्या दिवशी निम्मी भीती गेली. तोवर मी समजत होतो की मीच कमी पडतोय.

प्रवाहात गेलो की तोंडातल्या रेग्युलेटरमधून हवाच पुरेना. मशीन बिघडलं होतं का?

हाच प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि याचंच उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर.

नेत्राणीला माझंही असंच झालं होतं. दोरी धरून उतरलो, दोरी सोडली आणि पाण्यानं बाजूला रेटायला सुरुवात केली. जोडीदार समोर तीन-चार मीटरवर, त्याला गाठायला मी फिन मारत सुटलो. मिनिटभरात श्वास वरच्या वर यायला लागला. मग वाटलं, हवा येईना. मग वाटलं, हे तोंडातलं काढून टाकावं आणि वर जावं. आज लिहिताना हसू येतं. पंधरा मीटर पाण्याखाली, हवा देणारी एकमेव वस्तू तोंडातून काढावी असं एका इंजिनीअरला वाटत होतं.

रेग्युलेटरला काही झालेलं नव्हतं. माणूस जोरात हातपाय मारतो तेव्हा शरीरात कार्बन डायऑक्साइड वाढतो. घाबरल्यावर आपण भराभर आणि उथळ श्वास घेतो. त्या उथळ श्वासात हवा नळीतल्या नळीतच वरखाली होते, फुप्फुसाच्या तळाचा वापरलेला वायू बाहेर पडतच नाही. शिवाय 20 मीटर खोलीवर दाब 3 बार असतो, म्हणजे आपण तिप्पट घट्ट हवा ओढत असतो, आणि ती आतबाहेर करायलाच मेहनत पडते. कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदू ओरडतो: हवा दे. आपल्याला वाटतं हवा कमी पडली. खरं तर आत येणारी कमी नसते, बाहेर जाणारी कमी असते.

म्हणून इलाज उलटा आहे. घ्यायच्या मागे लागू नका, सोडा. हात-पाय थांबवा आणि एक लांब, पूर्ण उच्छ्वास टाका, बुडबुडे संपेपर्यंत. पुढचा श्वास आपोआप खोल येतो. असे चार-पाच झाले की तोच रेग्युलेटर पुन्हा भरपूर हवा द्यायला लागतो. प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्हला दोष देण्याआधी पाइपलाइन तुंबली आहे का बघावं, तसंच हे.

आणि टाकीचा हिशेबही बघा. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी 11 लिटरच्या आसपास असते. 200 बारला भरली की तिच्यात साधारण 2200 लिटर हवा. शेवटचे 50 बार राखीव सोडले की वापरायला उरतात 1650. शांत माणूस मिनिटाला 18 लिटर धरला, तर 20 मीटरवर तिप्पट म्हणजे 54 लिटर, म्हणजे अर्धा तास. तोच माणूस प्रवाहाशी झुंजला आणि श्वास दुप्पट झाला, तर पंधरा मिनिटांत खेळ आटोपला. घाबरल्यावर काटा भराभर उतरतो, आणि काटा बघून माणूस आणखी घाबरतो.

मग त्या क्षणी नेमकं काय करायचं?

थांबायचं. पुढे जाणं बंद. जवळ मेलेला, उघडा खडक असेल तर दोन बोटांनी धरा. जिवंत पोवळं धरू नका, आणि हात टाकण्याआधी बघा, कारण समुद्रीसाळ किंवा खडकासारखा दिसणारा विंचूमासा तिथंच बसलेला असू शकतो. मग वर सांगितला तो लांब उच्छ्वास. मग जोडीदाराला खूण: 'काहीतरी गडबड आहे', हात आडवा हलवून. लाज वाटू देऊ नका, ती खूण त्यासाठीच आहे.

खाली सरका. तळाशी, खडकाच्या आड पाणी हळू असतं. मलप्रभेत मासा मधल्या धारेत उभा राहत नाही, दगडाच्या मागे राहतो. तो त्याचा आळस नाही. तळाशी घर्षणामुळे वेग कमी होतो आणि दगडामागे पाणी मागच्या मागे फिरतं. डायव्हरनंही तेच करायचं, अर्थात ठरलेल्या खोलीच्या आत राहून.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही: श्वास रोखून वर धाव. 10 मीटरवर दाब 2 बार, पृष्ठभागावर 1 बार. म्हणजे तेवढ्या अंतरात फुप्फुसातली हवा दुप्पट होते. कोंडलेली असेल तर फुप्फुस फाटू शकतं. वर यायचंच असेल तर श्वास चालू ठेवून, मिनिटाला 9 मीटरपेक्षा हळू, आणि शक्य असेल तर 5 मीटरवर तीन मिनिटं थांबून.

प्रवाहाविरुद्ध पोहायचं नाही, तर मग डायव्ह करायचा कसा?

दोन पद्धती. बोट नांगरलेली असेल, तर सुरुवात प्रवाहाविरुद्ध करायची, अंग ताजं आणि टाकी भरलेली असतानाच, आणि परत येताना पाणी आपल्याला बोटीकडे आणतं. उलट केलंत तर परतीचा रस्ता चढाचा होतो, तोही दमल्यावर. बोटीच्या मागे फुगा बांधलेली लांब दोरी सोडायला सांगा. वर आल्यावर ती धरून निवांत बोटीपर्यंत सरकता येतं.

दुसरी पद्धत म्हणजे ड्रिफ्ट. इथं बोट नांगरत नाहीत. तुम्ही पाण्याबरोबर जाता आणि बोट वरून तुमच्या मागं येते. मालदीवमधल्या प्रवाळबेटांच्या खिंडी, ज्यांना तिथं कंडू म्हणतात, तिथले डायव्ह असेच होतात. फिन जवळजवळ मारायचेच नाहीत, फक्त पोहण्याची दिशा आणि खोली सांभाळायची. ज्यांना ओढीची सर्वाधिक भीती त्यांनाच पुढे ड्रिफ्ट आवडतो, हे मी बऱ्याच जणांत पाहिलंय. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून सोडावी, तसं वाटतं. यासाठी 'ड्रिफ्ट डायव्हर' असा वेगळा छोटा कोर्सही असतो.

ओढ येणार हे आधी कळतं का?

बऱ्यापैकी कळतं, आणि निम्मं तर घरच्या भिंतीवर टांगलेलं असतं. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक जास्त, त्याला कोकणात उधाण म्हणतात. त्यात पाणी जास्त चालतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे मंद. सगळ्यांत मोठं उधाण बहुधा तिथीच्या एक-दोन दिवस नंतर येतं. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज पाऊण तासानं पुढे सरकते. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगतात. हिशेब ढोबळ आहे, बंदरागणिक फरक पडतो, त्यावर डायव्ह ठरवू नका. पण सुट्टी टाकताना कॅलेंडरवर अष्टमी बघायला काय हरकत आहे? पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तेच सांगतो. पौर्णिमेला जायची हौस पुढच्या वर्षी.

भरती संपून ओहोटी लागायच्या मधे पाणी थोडा वेळ थबकतं. चांगला डायव्ह मास्टर, म्हणजे डायव्हवर नेणारा मार्गदर्शक, ती वेळ साधतो. बऱ्याच ठिकाणी ती घड्याळातल्या भरतीच्या वेळेशी जुळत नाही, तिथल्याच माणसाला ठाऊक असते. म्हणून बोटीच्या तांडेलाचं ऐका.

भरती-ओहोटीपलीकडे वारा आणि मोसमही आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागून वाहणारा मोठा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. पावसाळ्यात इथलं डायव्हिंग बंदच असतं, मोसम ऑक्टोबर ते मे धरा.

बोटीवर पोहोचल्यावर स्वतः बघा: नांगराची दोरी किती तिरकी झाली आहे, फुग्यामागं पाणी वळतंय का, आधी उतरलेल्यांचे बुडबुडे कुठल्या बाजूला सरकत चाललेत. दोन मिनिटं असं बघत बसलं की भीतीला करायला काम मिळतं. रिकामी भीती वाईट.

सरावासाठी मलप्रभेत किंवा दूधगंगेत उतरू का? पाणी वाहतं आहेच की.

नाही.

थोडं सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न तरुण पोरं विचारतात आणि त्यांना नुसतं 'नाही' पुरत नाही. आपल्या नद्यांवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली आपटतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडे मागे वळतं. त्यात सापडलेला माणूस गोल गोल फिरत राहतो, कितीही पोहणारा असो. वरच्या अंगाला फळ्या काढलेल्या गाळ्यांमधून पाणी आत खेचलं जातं, ते आणखी वाईट. शिवाय नदीत गढूळ पाणी, बुडालेली झाडं, तारा, जाळी. समुद्रातला प्रवाह मोकळ्यात सोडतो, नदीतला कशावर तरी नेऊन दाबतो.

काठावर बसून मात्र जरूर शिका. खानापूरच्या घाटावर हिवाळ्यात तासभर बसा. पान सोडा, ते कुठे पळतं, कुठे थांबतं, दगडामागं कसं उलटं फिरतं ते बघा. मी आजही बसतो. घरचे म्हणतात, नदीवर जाऊन काय बघतोस? पान बघतो.

बेळगावात बसून तयारी काय करता येईल?

तलाव पुरे आहे. ओपन वॉटर कोर्सला 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं लागतं. तरंगण्याला महत्त्व जास्त द्या. विहिरीतली माणसं पोहतात दणकट, पण काही न करता पाण्यावर पडून राहणं त्यांना जमत नाही. काही न करणं हीच प्रवाहातली अर्धी कला आहे.

मग मास्क न घालता, तोंड पाण्यात ठेवून स्नॉर्कलनं श्वास घ्या. पहिले चार दिवस नाकात पाणी जाईल, ठसका लागेल. पाचव्या दिवशी नाक बंद ठेवून तोंडानं श्वास घेणं अंगवळणी पडतं. प्रवाहात मास्क सरकून त्यात पाणी शिरलं की हीच सवय वाचवते. मास्कमध्ये पाणी शिरणं हे घबराटीचं नेहमीचं निमित्त आहे, आणि तलावात ते शंभर वेळा घडवून आणता येतं.

घरी श्वासाचा साधा सराव: चार आकडे घ्यायचा, सात-आठ आकडे सोडायचा. ज्यांची प्राणायामाची सवय आहे त्यांना हे सोपं जातं. पण एक इशारा. भराभर श्वास घेऊन मग पाण्याखाली दम कोंडायची पैज लावू नका. त्यात माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होतो. आणि प्राणायामातला कुंभक स्कूबात अजिबात नाही. तिथं श्वास सतत चालू.

पाणी खाली ओढतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, पण सगळीकडे नाही. समुद्रातल्या उभ्या कड्याला प्रवाह धडकला की काही वेळा तो खाली वळतो. इंडोनेशियातलं कोमोडो, नुसा पेनिदा ही ठिकाणं त्यासाठी ओळखली जातात. मालवणच्या उथळ पाण्यात पहिला डायव्ह करणाऱ्यानं याची झोप घालवून घेऊ नये.

सापडलात तर सरळ वर धडपडू नका. कड्यापासून दूर, मोकळ्या पाण्याकडे तिरकं पोहा, जॅकेटमध्ये थोडी हवा भरा, नजर खोलीच्या काट्यावर. हा प्रवाह बहुधा कड्याला चिकटून असतो, चार हात दूर गेलं की सुटतो. सुटल्याबरोबर जॅकेटमधली हवा सोडा, नाहीतर बाटलीच्या बुचासारखे वर जाल. लागोपाठचे बुडबुडे खाली जाताना दिसले तर आधीच ओळखा.

वर आलो आणि बोट दिसली नाही तर?

ही भीती मला सगळ्यांत रास्त वाटते, आणि तिच्यावर खर्च करून इलाज मिळतो. नारिंगी रंगाचा, माणसाच्या उंचीइतका फुगवायचा खुणेचा फुगा घ्या. 5 मीटरवर थांबलेले असताना तो दोरीला बांधून वर सोडायचा. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळासारखं दिसतं, म्हणजे दिसतच नाही. फुगा लांबून दिसतो. सोबत शिट्टी, आणि दुपारच्या डायव्हला टॉर्च.

फुगा सोडायचा सराव तलावात करा. पहिल्यांदा मी दोरी बोटाला गुंडाळून बसलो होतो आणि फुग्याबरोबर स्वतःच वर निघालो. मग शिकलो.

पृष्ठभागावर आल्यावर जॅकेट फुगवून तरंगत राहा, जोडीदाराचा हात धरा, बोटीमागं पोहू नका. बोट तुमच्याकडे येईल, ते तिचं काम आहे.

सगळे उतरताहेत, आणि मी एकटीनंच नको म्हटलं तर? हसतील ना!

हसू देत. डायव्हिंगचा जुना नियम आहे: कुणीही, कधीही, कारण न सांगता डायव्ह रद्द करू शकतो. बोटीवर असताना, पाण्यात उडी मारल्यावर, दहा मीटरवर गेल्यावर, कधीही. अंगठा वर म्हणजे 'छान' नाही, 'वर चला', आणि त्यावर वाद घालत नाहीत.

एका ठिकाणी, नाव घेत नाही, आमच्या बोटीवरच्या माणसानं पाण्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. बाहेर पडायचं कुठे विचारलं तर म्हणाला, "चला हो, काय होत नाही." मी पट्टा सोडला आणि बसून राहिलो. पैसे गेले, चेष्टा झाली. खाली गेलेल्यांपैकी दोघं लांब वाहवत गेले, बोटीनं शोधून आणले. ते सुखरूप होते, म्हणून आज ही गोष्ट विनोदानं सांगतात. मी नाही सांगत.

चांगली टीम ओळखायची खूण सोपी आहे. 'पाण्याला ओढ असेल तर काय करायचं?' असं विचारा. नीट उत्तर मिळालं तर उतरा.

घरचे नको म्हणतात.

मग त्यांना किनाऱ्यापर्यंत घेऊन जा. माझी आई मालवणला बोटीत बसून होती, हातात जपमाळ. मी वर आल्यावर पहिला प्रश्न: "मासे दिसले काय रे?" त्यानंतर विरोध संपला, मला आणायचा बाजार वाढला.

मला घबराटीचे झटके येतात, गोळ्या चालू आहेत. चालेल का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. फॉर्मवर लपवूही नका. दमा, फिट, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन यालाही हेच लागू. गरोदरपणात डायव्हिंग करत नाहीत. काही गोळ्यांनी गुंगी येते, अगदी बोट लागू नये म्हणून घेतलेल्यांनीसुद्धा, त्या आधी जमिनीवर घेऊन बघाव्यात. आणि आदल्या रात्री गोव्याला मुक्काम असेल तर आपल्या माणसांना काय सांगायचं ते तुम्हाला समजलंच असेल.

झटके नसतील, नुसती धाकधूक असेल, तर ती चालते. मला अजून वाटते.

पहिला ओढीचा डायव्ह कुठे करावा?

आधी संथ पाण्यात किमान दहा-पंधरा डायव्ह. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, मुरुडेश्वरला नेत्राणीसाठी बोटी सुटतात. नेत्राणी किनाऱ्यापासून साधारण 19 किलोमीटर आत, पाणी मालवणपेक्षा स्वच्छ, आणि बेटाच्या एका अंगाला ओढ असेल तर दुसऱ्या अंगाला आडोसा सापडू शकतो. हलक्या ओढीची ओळख करून घ्यायला मला ते बरं वाटतं. मग अंदमानात स्वराज द्वीप. कोमोडोचे व्हिडिओ बघून सुरुवात तिथंच करायला निघालेल्याला मी एवढंच विचारतो: चारचाकी शिकलास ती चोर्ला घाटात शिकलास काय?

डायव्ह संपवून संध्याकाळीच बेळगाव गाठायचं, चालतंय का?

हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच लिहितो. डायव्हनंतर रक्तात आणि पेशींत नायट्रोजन जास्तीचा विरघळलेला असतो. उंचावर गेलं की हवेचा दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमान टाळा, हे सगळे सांगतात. आपण विसरतो की बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे आणि वाटेत आंबोली किंवा चोर्ला चढावा लागतो. चढण मोटारीनं केली की विमानानं, शरीराला फरक कळत नाही. डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या मार्गदर्शक सूचना 600 मीटरवरच्या दाबापासून पुढे लागू होतात: एक साधा डायव्ह असेल तर किमान 12 तास थांबा, अनेक डायव्ह किंवा अनेक दिवस असतील तर 18 तास.

कोकणातल्या माणसाला हे बंधन नाही, तो डायव्ह करून घरी जाऊन जेवतो. आपल्याला आहे. तेव्हा रविवारी दुपारी डायव्ह आणि सोमवारी सकाळी आठला ड्यूटी, हा बेत जमत नाही. डायव्ह शनिवारी सकाळी उरकून घ्या, रात्र मालवणातच काढा, माशाचं जेवण जेवा आणि रविवारी सावकाश घाट चढा. रात्री सांधे दुखले, अंगाला मुंग्या आल्या किंवा भलताच थकवा वाटला, तर पोहून अंग दुखतंय असं समजून गप्प झोपू नका. ज्यांच्याबरोबर उतरलात त्यांना आणि डॉक्टरांना लगेच फोन करा, आणि 'मी आज डायव्हिंग केलंय' हे वाक्य पहिलं सांगा.